पदवी नाकारणारा बाप, पदवी घेणारा मुलगा आणि आपली वारसदारी

आप्पांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिले, सूत्रपठण झाले, जेवणे उरकली. मंडपातल्या खुर्च्या गोळा व्हायच्या आतच विहार समितीच्या अध्यक्षपदाचा विषय निघाला. आप्पा एकवीस वर्षे अध्यक्ष होते. वस्तीतले एक ज्येष्ठ काका म्हणाले, "आता थोरल्यानं खुर्ची सांभाळायची. बापाचं नाव चालवायला नको का?"

माझा थोरला भाऊ पुण्यात नोकरीला आहे. गेल्या पाच वर्षांत तो विहारात तीन-चार वेळा आला असेल. तो खाली मान घालून गप्प बसला. मग एका मावशींनी माझी बाजू घेतली. म्हणाल्या, "ताई इथंच असती, अभ्यासिका तीच चालवती. मग तिलाच करा की! तीपण आप्पांचीच लेक हाय ना!"

खरे सांगते, मावशींचे बोलणे मला गोड लागले. मुलगा असताना मुलीचे नाव पुढे येणे ही आमच्या वस्तीत साधी गोष्ट नाही. पण रात्री झोप येईना. मावशी 'अभ्यासिका तीच चालवती' एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी निश्चिंत झोपले असते. त्यांनी पुढे 'आप्पांचीच लेक' हे प्रमाणपत्र जोडले आणि मंडपातल्या माना हलल्या त्या प्रमाणपत्राला.

त्या रात्री मला टोनी बेन आठवला.

एम.ए. समाजशास्त्राला 'अर्पित दर्जा' आणि 'अर्जित दर्जा' हा धडा सगळ्यांना असतो. जन्माने मिळतो तो अर्पित, कर्तृत्वाने मिळवावा लागतो तो अर्जित. अर्पित दर्जाचे उदाहरण म्हणून आपण जात लिहितो आणि गुण घेऊन मोकळे होतो. पुढे अवांतर वाचनात मला याच धड्याचे दुसऱ्या टोकाचे उदाहरण सापडले. ते इंग्लंडातले होते आणि त्यात जन्माने मिळालेली गोष्ट अपमानाची नसून मानाची होती. तरीही एक माणूस ती नको म्हणून जवळजवळ तीन वर्षे भांडला.

या गोष्टीची सुरुवात आपल्या ओळखीच्या ठिकाणी होते. १२ नोव्हेंबर १९३० रोजी लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद सुरू झाली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बाबासाहेब आणि रेट्टमलई श्रीनिवासन तिथे हजर होते. त्या वेळी ब्रिटिश सरकारात भारतमंत्री होते विल्यम वेजवुड बेन. आधी लिबरल, मग १९२७ पासून मजूर पक्षाचे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ च्या सुरुवातीला, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मजूर पक्षाचे बळ वाढावे म्हणून त्यांना 'व्हायकाउंट स्टॅन्सगेट' ही पदवी देण्यात आली. राजकारण्यांना केवळ हयातीपुरती पदवी देण्याची सोय ब्रिटनमध्ये १९५८ च्या कायद्याने आली. त्याआधी पदवी दिली की ती पिढ्यान्‌पिढ्यांसाठी दिली जाई. बापानंतर थोरला मुलगा, त्याच्यानंतर त्याचा थोरला मुलगा. मुलींचा त्यात नंबर नाही.

पदवी घेण्याआधी विल्यम यांनी थोरल्या मुलाला, मायकेलला, विचारले. त्याला धर्मोपदेशक व्हायचे होते. पदवीची त्याला अडचण नव्हती. धाकट्या टोनीला कोणी विचारले नाही. तो सोळा वर्षांचा होता आणि पदवी त्याच्याकडे येण्याचे कारणही नव्हते. पण १९४४ मध्ये वायुदलात असलेला मायकेल मृत्यू पावला आणि विचारलेही नव्हते तो टोनी वारस ठरला.

टोनी बेन १९५० साली ब्रिस्टल साउथ ईस्ट मतदारसंघातून हाउस ऑफ कॉमन्समध्ये निवडून आला. ही जागा स्टॅफर्ड क्रिप्स यांच्या राजीनाम्याने रिकामी झाली होती. हेच क्रिप्स १९४२ मध्ये योजना घेऊन भारतात आले होते आणि बाबासाहेबांना भेटले होते. टोनी निवडून येत राहिला. पण त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. वडील गेले की त्याच क्षणी आपण 'लॉर्ड' होणार आणि लॉर्ड झालेल्या माणसाला लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहात बसता येत नाही. म्हणून १९५५ मध्येच बापलेकांनी प्रयत्न केला. वडिलांनी लॉर्ड्समध्ये खास विधेयक मांडले, की माझ्या मुलाला ही पदवी सोडू द्या. ते फेटाळले गेले.

१७ नोव्हेंबर १९६० रोजी वडील गेले. टोनी तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. त्याला कॉमन्सच्या सभागृहात पाऊल ठेवायला बंदी झाली. तो म्हणत होता, मी ही पदवी घेतलेली नाही, मागितलेली नाही, मला ती नको. विशेषाधिकार समितीचे उत्तर ठरलेले होते. सरदारकी सोडता येत नाही. जुन्या इंग्रजी कायद्याची भूमिका अशी होती, की पदवी माणसाच्या रक्ताला चिकटलेली असते आणि त्याच्या संततीला बांधलेली असते.

रक्ताला चिकटलेली! मित्रहो, हे शब्द वाचून मी पुस्तक मिटले होते. आपल्या आजा-पणजांना जे सांगितले गेले तेच हे. फरक एवढाच, की त्यांच्या रक्ताला विटाळ चिकटवला होता आणि याच्या रक्ताला सरदारकी. दोन्हीकडे माणसाला विचारलेले नव्हते आणि दोन्हीकडे 'मला नको' म्हणण्याची सोय नव्हती.

बेन पुन्हा लोकांकडे गेला. ४ मे १९६१ रोजी पोटनिवडणूक झाली. अपात्र ठरलेला माणूस उभा आहे हे मतदारांना माहीत होते. तरी त्याला २३,२७५ मते पडली आणि हुजूर पक्षाच्या माल्कम सेंट क्लेअर यांना १०,२३१. म्हणजे तेरा हजारांचे मताधिक्य. निवडणूक न्यायालयाने जागा कोणाला दिली? हरलेल्या सेंट क्लेअर यांना. लोकांची मते एका पारड्यात, बापाचे रक्त दुसऱ्या पारड्यात, आणि कायद्याच्या तराजूत रक्त जड ठरले. लोकशाहीची जननी म्हणून मिरवणाऱ्या देशातली ही १९६१ सालची गोष्ट आहे. आपली राज्यघटना लागू होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

या निकालाने एवढा गदारोळ झाला, की सरकारला कायदा बदलावा लागला. ३१ जुलै १९६३ रोजी पीअरेज ॲक्ट संमत झाला आणि त्याच संध्याकाळी टोनी बेनने पदवी सोडली. अशी पदवी सोडणारा तो पहिला माणूस. सेंट क्लेअर यांनी दिलेला शब्द पाळून राजीनामा दिला आणि २० ऑगस्टला बेन पुन्हा निवडून आला. पुढे १९७३ मध्ये त्याने 'अँथनी वेजवुड बेन' हे भारदस्त नावही टाकले आणि नुसता 'टोनी बेन' झाला. २००१ पर्यंत तो कॉमन्समध्ये होता.

इथे गोष्ट संपवली तर ती छान प्रेरणादायी भाषणात खपेल. पण खरा धडा पुढे आहे.

या कायद्याचा पहिला मोठा लाभ कोणाला झाला? अवघ्या अडीच-तीन महिन्यांत अर्ल ऑफ होम या हुजूर पक्षाच्या बड्या उमरावाला. पंतप्रधान व्हायचे होते म्हणून त्याने ऑक्टोबर १९६३ मध्ये पदवी सोडली आणि तो ॲलेक डग्लस-होम या नावाने कॉमन्समध्ये आला. १९७४ मध्ये तहहयात पदवी घेऊन तो पुन्हा लॉर्ड्समध्ये जाऊन बसला. वरच्या माणसाला दार दोन्ही बाजूंनी उघडते. आपल्याकडेही आडनाव टाकून 'मी जात मानत नाही' म्हणणारे पुरोगामी भेटतात. त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण आडनाव टाकले तरी घर, जमीन, ओळखीपाळखी आणि आत्मविश्वास त्यांच्याजवळच राहतो, हे आपण विसरू नये.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. १९६३ च्या कायद्याने पदवी सोडता येते, पण ती फक्त स्वतःपुरती. पदवी मरत नाही, वाट बघत बसते. १४ मार्च २०१४ रोजी टोनी बेन वारला आणि त्याने नाकारलेली पदवी त्याचा थोरला मुलगा स्टीफन याच्याकडे गेली. तो तिसरा व्हायकाउंट स्टॅन्सगेट झाला. टोनीला तीन मुलगे आणि एक मुलगी. मुलीचा प्रश्न अर्थात आलाच नाही. १९९९ च्या कायद्याने बहुसंख्य वंशपरंपरागत उमरावांना लॉर्ड्समधून बाहेर काढले होते, पण तडजोड म्हणून ९२ जागा ठेवल्या होत्या. त्यातली एखादी रिकामी झाली की उमरावांमधूनच पोटनिवडणूक व्हायची. २०२१ मध्ये अशाच एका जागेवर स्टीफन लॉर्ड्समध्ये गेला. तो एकमेव उमेदवार होता. मतदान झालेच नाही.

बापाला तेवीस हजार मते मिळूनही जागा मिळाली नव्हती. मुलाला एकाही मताशिवाय मिळाली. मी स्टीफनला दोष देत नाही, तो कायद्याप्रमाणे वागला. दोष व्यवस्थेचा आहे. एका माणसाने ती नाकारली म्हणून ती संपत नाही. तिला कायद्याने आणि लोकांनी मिळून संपवावे लागते. उरलेल्या जागाही काढून टाकण्याचे विधेयक ब्रिटिश सरकारने थेट २०२४ मध्ये मांडले. म्हणजे टोनीने पदवी सोडल्यानंतर एकसष्ट वर्षांनी.

बाबासाहेबांना हे फार आधी कळले होते. महार वतनाचे बघा. १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेली ती वंशपरंपरागत चाकरी. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा विरोध फक्त सवर्णांनी केला का? हाडकी-हाडवळ्याची जमीन आणि बलुते जाईल म्हणून आपलेही काही लोक कुरकुरत होते. माझे आजोबा सांगायचे, धम्मदीक्षेनंतर त्यांनी येसकरकी सोडली तेव्हा सख्खा चुलता म्हणाला होता, "बापजाद्याचं हाय, सोडतोस कशाला?" बापजाद्याचे आहे एवढ्या कारणासाठी माणूस बेडीलासुद्धा जपतो. वतन शेवटी गेले ते १९५८ च्या कायद्याने.

राज्यघटना उघडून पाहा. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो आणि लगेच पुढचा अनुच्छेद १८ किताब नष्ट करतो. खालच्या टोकाचा जन्मसिद्ध कलंक आणि वरच्या टोकाची सरकारी पदवी, दोन्ही पाठोपाठ. माणसांनी आपापला किताब स्वखुशीने सोडावा असे तिथे म्हटलेले नाही. राज्याने तो द्यायचाच नाही, असे म्हटले आहे.

आणि तरीही आपण काय करतो? अध्यक्षाचा मुलगा अध्यक्ष. शाखाप्रमुखाचा पुतण्या शाखाप्रमुख. मंचावर ओळख करून देताना 'अमुक तमुक यांचे सुपुत्र' हेच कर्तृत्व. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेचा धोका सांगितला होता. आपण विभूतीच्या पुढे जाऊन विभूतीच्या वंशावळीची पूजा करू लागलो आहोत. काही जण म्हणतील, चळवळीच्या घरात वाढलेल्या पोरांना चळवळ लवकर कळते. कळत असेल. मग ते त्यांच्या कामातून दिसेल, त्यासाठी जन्माचा दाखला कशाला?

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले. म्हणाले, "काका, माझं नाव घ्यायचं तर आप्पांची लेक म्हणून घेऊ नका. वस्तीतल्या सगळ्या बाया-माणसांची सभा बोलवा, मुदत तीन वर्षांची ठरवा आणि मतदान घ्या."

काका चिडले. "पोरी, बापाचा मान तूच घालवतीयस."

"मान आप्पांचा होता काका. त्यांनी तो मिळवला होता. माझ्याकडं तो उसना कशाला?"

दीड महिन्याने सभा झाली. तिघे उभे राहिलो. मी सात मतांनी पडले. निवडून आला तो रिक्षा चालवणारा एक तरुण. त्याच्या घरात याआधी कोणी कसल्याही समितीवर नव्हते. वाईट वाटले का? वाटले. विहारातला आप्पांचा फोटो बघताना अजून थोडे वाटते. पण पहिल्याच महिन्यात त्याने जमाखर्च फळ्यावर लिहून लावला. आप्पांच्या एकवीस वर्षांत ते कधी झाले नव्हते, हेही मला मान्य केले पाहिजे. अभ्यासिका मीच चालवते. तीन वर्षांनी पुन्हा उभी राहीन, तोवर काम दाखवीन.

तुमच्या गावात, वस्तीत, शाखेत उद्या अशी एखादी खुर्ची रिकामी होईल. तेव्हा 'वारस कोण' असे कोणी विचारले, तर त्याला विचारा, मतदार कोण?

जय भीम!