वस्तादाची नजर

शरीर कमावणे हे एका दिवसाचे काम नव्हे, ही गोष्ट महाराष्ट्रातील तालमींना फार पूर्वीपासून ठाऊक होती. आजच्या व्यायामशाळेत वजने, यंत्रे आणि मोठे आरसे असतात. जुन्या तालमीत लाल मातीचा हौद, मुद्गल, करेल आणि वस्ताद एवढेच असे. तरीही तेथून नामवंत मल्ल घडले, कारण वस्तादाची नजर प्रत्येकावर असे. कोणाचा दम कमी आहे, कोणाचा गुडघा दुखावला आहे, हे ओळखून तो ज्याला त्याला पेलतील तेवढेच जोर आणि बैठका सांगे. अंग रुळले, की संख्या वाढे.

या पद्धतीमागे शरीराचा साधा नियम आहे. सवयीपेक्षा किंचित अधिक भार पडला, की स्नायू थकतात. पुढे पुरेसा आहार व विश्रांती मिळाली, की ते पूर्वीपेक्षा बळकट होतात. भार एकाएकी वाढवला तर इजा होते आणि कधीच न वाढवला तर प्रगती खुंटते.

कराडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ साली जन्मलेल्या खाशाबा जाधवांना कुस्तीचे पहिले धडे वडिलांकडून, दादासाहेबांकडून मिळाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीत वाढलेला हा मल्ल मॅटवर उतरला आणि सहावा आला. नंतरची चार वर्षे त्यांनी अखंड मेहनत केली. पण १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

बळ मल्लाच्या अंगी असते खरे. पण त्यामागे शिकवणारा बाप, पारखणारा वस्ताद आणि विश्वास ठेवणारा गुरुजन उभा असतो. आज महिनाभरात शरीर घडवून देण्याची जाहिरात जागोजागी दिसते. अशा वेळी व्यायामशाळेत पाऊल ठेवणाऱ्याने यंत्रे किती आहेत, हे मोजण्यापूर्वी शिकवणाऱ्याची नजर आपल्याकडे आहे का, हे पाहावे. वय कितीही असो, पहिल्या दिवशी दहा बैठका पुरेशा असतात. अकरावी कधी काढायची, हे जाणता मार्गदर्शक सांगतो.