उणे १९६

माझ्या मोटारसायकलीला मागे तीन लिटरचा नायट्रोजनचा कंटेनर बांधलेला असतो. माजावर आलेल्या गाई-म्हशी भरायच्या, हे माझं काम. कंटेनरात उणे १९६ अंशाला वळूच्या रेताच्या कांड्या बुडवलेल्या असतात. पाव मिलीची कांडी ३७ अंशाच्या पाण्यात अर्धं-पाऊण मिनिट धरली की आतलं बीज जागं होतं. गोठ्याचा मालक, त्याची बायको, म्हातारी आई, सगळ्यांशी मी या विषयावर न अडखळता बोलतो. वळू कुठला, त्याच्या आईचं दूध किती, गाय उलटली, म्हणजे गाभ न राहता परत माजावर आली, तर पुन्हा कधी बोलवायचं. गेली वीस वर्षं हेच चाललंय.

२००९ साली गळ्याशी गाठ आली. मी २७ वर्षांचा होतो. मिरजेत तुकडा काढला, हॉजकिन्स लिम्फोमा निघाला आणि अण्णा मला घेऊन परळला टाटाला आले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचो. केमो सुरू व्हायच्या आदल्या दिवशी माझ्याच वयाची एक डॉक्टरीण फाईल चाळत म्हणाली, "लग्न झालंय?"

"नाही."

"मग ऐका. या औषधांनी शुक्रजंतू कमी होऊ शकतात. आधी वीर्य साठवून ठेवता येतं. एक-दोन दिवसांत होईल. ठेवायचंय का?"

शेजारी अण्णा बसले होते. त्यांनी एकदम समोरच्या भिंतीकडे बघायला सुरुवात केली. मी म्हटलं, "नको, गरज नाही." ती म्हणाली, "नक्की?" मी मान हलवली. तिने फाईलमध्ये काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी धर्मशाळेत अण्णांनी विचारलं, "ती बाई काय म्हणत हुती रं?"

"काय न्हाई. रक्त तपासायचं म्हणत हुती."

अण्णांना कळलं नव्हतं असं नाही. त्यांच्या गोठ्यात सगळ्या कालवडी कांडीवरच्याच होत्या. पण गाईबद्दल बोलणं वेगळं आणि बापासमोर पोराने बरणी घेऊन आतल्या खोलीत जाणं वेगळं. दोष कुणाचा म्हणाल तर माझा. त्या पोरीने तिचं काम चोख केलं होतं.

पंधरा दिवसांनी एक, असे बारा डोस झाले. या औषधांनंतर बऱ्याच जणांचं बीज वर्षा-दोन वर्षांत परत येतं, हे मला पुढे कळलं. म्हणजे माझंही आलं असेल. तपासलं कुणी? २०११ मध्ये गाठ परत आली आणि या वेळी स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण करायचं ठरलं. त्याआधी जो मोठा डोस देतात तो पुढची बहुतेक दारं बंद करतो. तेव्हाही वेळ होता, पण माझ्या डोक्यात तो विषयच आला नाही. जगतोय की नाही एवढंच डोक्यात होतं.

प्रत्यारोपणाच्या दिवशी खोलीत एक टाकी आणली. झाकण उघडल्यावर पांढरी वाफ जमिनीवर सांडली आणि मी उठून बसलो. नर्स म्हणाली, घाबरू नका. मी घाबरलो नव्हतो, ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं होतं. माझ्या रक्तातून वेचलेल्या पेशी त्याच नायट्रोजनमध्ये ठेवल्या होत्या. पिशवी कोमट पाण्यात वितळवली आणि नळीने माझ्या अंगात सोडली. खोलीभर लसणासारखा वास सुटला, पेशी टिकवायला घालतात त्या द्रवाचा. त्या वासात पडल्या पडल्या मला ती डॉक्टरीण आठवली. मग लक्षात आलं, की आपण काय नको म्हणालो होतो.

२०१४ मध्ये लग्न ठरायच्या आधी मी हिला देवळामागे नेऊन सगळं सांगितलं. ही तेव्हा बालवाडीत शिकवायची. ऐकून म्हणाली, "तपासलंय का?"

"नाही."

"मग तपासल्यावर बघू. आत्तापासून कशाला रडायचं?"

वर्षभराने मिरजेत तपासणी केली. रिपोर्टवर 'निल' होतं. मी लॅबवाल्याला म्हटलं, मला मायक्रोस्कोपमधून बघू द्या. तो नको म्हणत होता, पण माझा धंदा सांगितल्यावर बाजूला झाला. वितळलेल्या कांडीतला थेंब काचेखाली कसा दिसतो ते मी शिकताना कितीदा बघितलंय. मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं सगळं पळत असतं. इथे काहीच हलत नव्हतं. मी काच इकडे-तिकडे सरकवून बघितली. लॅबवाला शेवटी म्हणाला, "साहेब, झालं."

गावाला यातलं काही माहीत नव्हतं. मला कॅन्सर झाला होता हे सगळ्यांना ठाऊक, पण मूल होत नाही म्हटल्यावर बोट हिच्याकडे. नवस, अंगारे, कुणा बुवाचा पत्ता. एका ओटीभरणाला हिला मुद्दाम बोलावलं नाही, तेव्हा मी आईला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, की दोष माझ्यात आहे. आई म्हणाली, "हळू बोल." मी मुद्दाम हळू बोललो नाही. माझ्या आयुष्यात मी त्या विषयावर घरात पहिल्यांदा आवाज चढवला तो तेव्हा.

मिरजेच्या डॉक्टरांनी बँकेतल्या नमुन्याचा मार्ग सुचवला. मला वाटलं, आपल्याला तरी यात काय अवघड? दाता कोण ते सांगत नाहीत. रक्तगट, उंची, वर्ण एवढंच. माझ्या कांडीवरच्या वळूची याहून जास्त माहिती मी शेतकऱ्याला देतो, असं मी हिला हसत म्हणालो. ही हसली नाही. दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा हिची पाळी आली त्या सकाळी माझ्या तोंडून 'उलटली' हा शब्द येता येता राहिला, आणि स्वतःचीच किळस आली. ही म्हणाली, "पुरे आता. मला मूल पाहिजे. पोट दिसलंच पाहिजे असं काही नाही."

२०१८ मध्ये दत्तक घेण्यासाठी केंद्राच्या 'कारा'कडे ऑनलाइन नाव घातलं. नियमात एक ओळ होती: पालकाला जीवघेणा आजार नसावा. सात वर्षं रोग नव्हता, पण कागदावर माझी ओळख तीच. टाटाला जाऊन डॉक्टरांकडून दाखला आणला. गृहभेटीच्या संस्थेला तो पुरेना. त्यांना 'पुन्हा होणार नाही' असं लिहून हवं होतं. असं कुठला डॉक्टर लिहून देईल? दोन फेऱ्या झाल्या, मग एका समजूतदार बाईंकडे आमची फाईल गेली. त्यांनी घर बघितलं, गोठा बघितला, आम्हाला वेगवेगळं बसवून विचारलं. "उद्या तुम्हाला काही झालं तर?" मी विम्याचे कागद शोधायला उठलो. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली होती, ती दारातूनच म्हणाली, "मी हाय की. माझी दोन हायती, तिसरं काय जड हाय?" बाईंनी ते लिहून घेतलं.

मग वाट. अडीच वर्षं. यादीतला नंबर बघायची सवय लागली, जसा बाजारभाव बघतात. मध्ये कोरोना आला. जानेवारी २०२१ मध्ये एका संध्याकाळी मोबाइलवर फोटो आला, चौदा महिन्यांची मुलगी, नागपूरची. होय की नाही ते ४८ तासांत कळवायचं होतं. मी एका गोठ्यात होतो, हातात खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा मोजा. हिने फोनवर "बघितलं का?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता "मी हो केलं" म्हणाली.

जीप करून रात्रभर गेलो. संस्थेतल्या मावशींनी तिला हिच्या मांडीवर दिलं, ती रडली. माझ्याकडे दिलं, जास्त रडली. कोर्टाचा आदेश पुढे काही महिन्यांनी झाला, आमच्या नावांचा जन्मदाखला आला. घरी आलो तेव्हा अण्णा अंगणात उभे होते. त्यांना मूल कसं घ्यायचं सुचेना. "दूध कुठलं पिती, इचारलं का?" एवढंच म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

आता ती शाळेत जाते. परवा कंटेनरात नायट्रोजन भरत होतो तर वाफ बघायला आली. लांब उभं केलं. तिने विचारलं, "बाबा, यात काय आहे?"

"वळूचं बी. यातून वासरं होतात."

अण्णा बाजेवर बसले होते. त्यांनी या वेळी भिंतीकडे बघितलं नाही.

"मी पण यातनंच आले?"

"नाही गं. तू नागपूरहून आलीस. जीपमधून."

"खिडकीजवळ बसून?"

"आईच्या मांडीवर."

"मग ओकले असेन," ती म्हणाली, आणि वाफ संपली तशी मांजरामागे पळाली.