नेम आणि परवाना

स्वयंपाकघरांतील सुरीहि माणसाचा जीव घेऊं शकते. तरी तिच्यासाठीं कोणी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करीत नाहीं, कारण सुरीचें पहिलें काम भाजी चिरण्याचें आहे. बंदुकीला असें निरुपद्रवी काम नाहीं, असा समाजाचा समज आहे आणि तो बहुतांशीं खराहि आहे. नेमबाजीचा खेळ हा त्याला एक अपवाद. तेथें बंदूक म्हणजे कागदावर नेमक्या जागीं भोंक पाडण्याचें साधन. परंतु एवढ्या साध्या गोष्टीवर सरकारनें विश्वास ठेवावा तो कशाच्या आधारावर? माझी बावीस वर्षांची भाची रायफल क्लबांत जाऊं लागल्यापासून हा प्रश्न आमच्या घरीं नित्याचा झाला आहे.

आरंभीं तिच्या हातीं हवेची बंदूक होती. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, १० मीटरांचें अंतर आणि लक्ष्याच्या मध्यावर अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका! या खेळाच्या बंदुकीला सामान्यतः परवाना लागत नाहीं. पुढें ती ५० मीटरांच्या प्रकाराकडे वळली आणि पॉइंट टू टू बोअरची रायफल घेण्याची वेळ आली. काडतूस आलें कीं त्याच्यामागून कायदा येतोच. अर्ज झाला, कागदपत्रें झालीं, शेजाऱ्यांकडे मुलीच्या वर्तनाची विचारपूस झाली. माझी बहीण त्या दिवशीं जेवली नाहीं. "पोलीस दारांत येऊन पोरीबद्दल विचारतात, लोकांनीं काय समजावें, दादा?" असें ती मला म्हणाली.

मला त्या विचारपुशींत अपमान दिसला नाहीं. १८७८ सालीं, लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत, हत्यारांचा जो कायदा झाला त्यानें येथील लोकांवर परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांस मात्र सवलत मिळाली. माणूस कसा आहे यापेक्षां त्याची जात कोणती हें तेथें आधीं पाहिलें जाई. स्वतंत्र भारताचा १९५९ चा कायदा सर्वांस सारखाच प्रश्न विचारतो. नकार द्यावयाचा तर सामान्यतः त्याचें कारण लेखी नोंदवावें लागतें, आणि त्यावर अपीलहि करतां येतें. दोन कायद्यांतील हें अंतर लहान नव्हे.

शिवाय या कायद्याला खेळाडू अगदींच दिसत नाहीं असेंहि नाहीं. एका व्यक्तीनें तीनच बंदुका बाळगाव्या, अशी मर्यादा १९८३ सालीं घालण्यांत आली. २०१९ सालीं ती दोनावर आणली गेली आणि परवान्याची मुदत तीनांऐवजीं पांच वर्षें झाली. मात्र मान्यताप्राप्त रायफल क्लबाचा सभासद नेमाच्या सरावासाठीं पॉइंट टू टू बोअरची किंवा हवेची रायफल वापरीत असेल, तर संख्येची ही मर्यादा त्याला लागू नाहीं. २०२० सालीं नामांकित नेमबाजांच्या सवलती आणखी वाढविण्यांत आल्या.

परंतु पुस्तकांतील कायदा उदार असला, तरी मेजावरचा कागद आपल्याच गतीनें चालतो. एका कचेरींत भाचीचा अर्ज महिनेच्या महिने पडून राहिला. तेथील एका गृहस्थांनीं तिला विचारलें, "तुला भीति कोणाची आहे?" परवाना आत्मसंरक्षणासाठींच मागतात, ही त्यांची संवय. ती म्हणाली, "नवाची." ५० मीटरांवरील दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटरांचें असतें. केसभर चूक झाली कीं दहाचे नऊ होतात. गृहस्थ हंसले, कागद मात्र हलला नाहीं.

या विलंबाची किंमत बाहेरच्या माणसाला कळत नाहीं. रायफलीचा दस्ता खांद्याला आणि गालाला जुळवून घ्यावा लागतो. एकाच जातीचीं काडतुसें दोन नळ्यांतून सारखीं चालत नाहींत. क्लबाची उसनी रायफल म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. तोच घालून ती एक सबंध हंगाम खेळली. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत याच ५० मीटरांच्या खेळांत कांस्यपदक मिळविलें, तेव्हां आपण सर्वांनीं पेढे वांटले. परंतु असें पदक कित्येक वर्षांच्या सरावांतून येतें, आणि त्या वर्षांतील वाया गेलेला हंगाम परत मिळत नाहीं.

कोणी म्हणेल, मग खेळाडूंस मोकळीक द्या. मी तसें म्हणणार नाहीं. लग्नाच्या वरातींत हौसेनें बार उडवून माणसें मारणारेहि परवानाधारक असूं शकतात. म्हणून तर अशा बेफिकिरीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा २०१९ सालीं ठरविण्यांत आली. कायद्याला अंतःकरण वाचतां येत नाहीं. तो वर्तनच पाहूं शकतो. आणि वर्तन पाहण्यास क्लबासारखी जागा नाहीं. पुढें माणूस असतां रायफलीस हात लावावयाचा नाहीं, नळी नेहमीं लक्ष्याकडेच ठेवावयाची, आज्ञेवांचून काडतूस भरावयाचें नाहीं, हे नियम तेथें रोज पाळले जातात. चौकशी कडक असावी. पण तिला मुदत असावी, आणि क्लबाच्या साक्षीला वजन असावें, एवढेंच माझें मागणें.

परवाना अखेर आला. रायफलीच्या कपाटाची किल्ली आतां आमच्या बहिणीच्या कमरेला असते. पोरीनें ती मागितली कीं बाई विचारते, "कुठें निघालीस? बरोबर कोण आहे? परत केव्हां येणार?" मुलगी एकेका प्रश्नाचें शांतपणें उत्तर देते, आणि समाधान झाल्यावांचून किल्ली सुटत नाहीं.