तासाला वीस मिनिटं

आमच्या बापूचा उजवा हात गेला ते साल 1976. पौषातले दिवस होते आणि गुऱ्हाळ रात्रंदिवस चालू होतं. मी दहावीला होतो. नवी दहावी सुरू होऊन दुसरंच वर्ष, त्याआधी अकरावीला मॅट्रिक असायची. त्या रात्री चरकात ऊस घालायची पाळी माझी होती. परीक्षा जवळ आलेली बघून बापू म्हणाला, "दादा, तू वाच जा. मी घालतो ऊस." तो माझा धाकटा भाऊ, आठवीत होता. पहाटे थंडी वाढली म्हणून त्यानं घोंगडं पांघरलं आणि त्याचं टोक लाटांत सापडलं. इंजिन बंद करेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. मिरजेला नेलं, जीव वाचला, पण हात मनगटाच्या वर काढावा लागला.

मी मार्चमध्ये परीक्षेला बसलो आणि पास झालो. यावर जास्त काही लिहीत नाही.

बापू चार महिन्यांनी शाळेत गेला. गुऱ्हाळ बंद झाल्यावर चुलवाणात राख उरते. ती सपाट करून डाव्या हाताच्या बोटानं तो अक्षरं गिरवायचा. आई म्हणायची, पोर राखेत खेळतंय, खेळू दे. खेळ कसला? दोन महिन्यांत 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळं डाव्या हातानं पक्कं केलं. अक्षर वाकडं होतं, पण वाचता यायचं. अडचण एकच होती, हात चालायचा सावकाश. दुसऱ्याची चार ओळी होतात तेवढ्यात ह्याची एक. शिवाय कागद सरकायचा. धरायला दुसरा हात नव्हता, म्हणून तो वहीवर चपटा दगड ठेवायचा.

1978 च्या मार्चमध्ये तो दहावीला बसला. केंद्र तालुक्याला होतं. पहिल्या दिवशी पर्यवेक्षकांनी वहीवर दगड ठेवू दिला नाही. म्हणाले, "परीक्षेत दगडधोंडे चालत नाहीत." बापूनं कोपरानं कागद दाबून पेपर लिहिला. घरी आला तेव्हा सदऱ्याच्या बाहीला शाई लागली होती. इंग्रजीचे दोन प्रश्न राहिले, गणिताचा तर जवळजवळ अर्धा पेपर राहिला. "येत न्हवतं का?" मी विचारलं. "येत हुतं सगळं. घंटा झाली." एवढंच बोलला.

त्या दोन विषयांत तो नापास झाला. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं म्हणत होता. फॉर्मच्या पैशांसाठी तो माझ्याकडे आला, कारण तोवर वडील थकले होते आणि घरचा व्यवहार मी बघत होतो. भुईमुगाची काढणी तोंडावर होती. मी म्हणालो, "बापू, डोकं असून काय करतोस? तिथं हातच लागतो. सोड आता नाद." त्यानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून म्हशी घेऊन माळाला जायला लागला. गावानं त्याला थोटा बापू म्हटलं आणि पुढची चाळीस वर्षं तेच नाव राहिलं. आता दिव्यांग म्हणतात. शब्द चांगला आहे, पण बापूच्या वाट्याला तो आला नाही.

तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही की, हात सावकाश चालतो तर वेळ जास्त मागता येईल. पोरगं अधू आहे तर पोरानंच जुळवून घ्यायचं, परीक्षेनं कशाला घ्यायचं, असाच आमचा सगळ्यांचा हिशेब होता. मास्तरांचाही आणि माझाही.

मग आला माझ्या लेकीचा लेक. घरात त्याला आम्ही सोन्या म्हणतो. जन्मल्यावर उशिरा रडला. दीड वर्षाचा झाला तरी बसेना, तेव्हा डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितलं. पाय ताठ, हात आपल्या मर्जीनं हलणारे, जीभ जड. बोललेलं नवख्याला कळत नाही. डोकं मात्र लख्ख. जावई इचलकरंजीला मागावर, भाड्याची खोली दुसऱ्या मजल्यावर, म्हणून लेकीनं त्याला आमच्याकडं ठेवला. शाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

शाळेला रॅम्प होता, त्याची एक गोष्ट सांगतो. जोतं दोन फूट उंच आणि रॅम्प सहा फूट लांब. भरल्या गाडीला एवढा चढ दिला तर बैल गुडघ्यावर येतील, हे कुणाही शेतकऱ्याला कळतं. सोन्या वॉकर घेऊन चढायचा आणि मागून कुणीतरी ढकलायचं. उतरताना दोघांनी धरायचं. तालुक्यातून अधूनमधून एक विशेष शिक्षिका यायच्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, एक फूट चढाला बारा फूट लांबी पाहिजे." म्हणजे दोन फुटाला चोवीस फूट. तपासायला येणाऱ्यांच्या कागदावर 'रॅम्प आहे' असं लिहिलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. शेवटी मीच एक गवंडी घेतला, घरच्या गोठ्यासाठी आणलेलं सिमेंट तिकडं वळवलं आणि पटांगणाच्या कडेनं वळवून चोवीस फूट पुरा केला. एका बाजूला पाइपाचा कठडा लावला. आता शाळेतली सगळीच पोरं पायऱ्या सोडून तिथून पळतात.

त्याच बाईंनी मला पहिल्यांदा सांगितलं की, परीक्षेत लेखनिक मिळतो आणि वेळही जास्त मिळतो. 2016 च्या कायद्यात ते लिहिलेलं आहे. परीक्षेची पद्धत मुलाच्या गरजेप्रमाणे बदलायची, जादा वेळ द्यायचा, लेखनिक द्यायचा. त्याआधीच्या 1995 च्या कायद्यात लेखनिकाची गोष्ट अंध आणि कमी दिसणाऱ्या मुलांपुरती होती. 2013 साली केंद्र सरकारनं वेळेचा हिशेब घालून दिला, तासाला किमान वीस मिनिटं. मी तोंडी गणित केलं. तीन तासांच्या पेपरला साठ मिनिटं, म्हणजे अख्खा एक तास. मी बाईंना पुन्हा विचारलं, "हातानं अधू असला तरी?" त्या म्हणाल्या, "हो, त्याच्यासाठीच तर आहे."

घरी येऊन हे बापूला सांगितलं नाही. धीर झाला नाही.

आता कागदपत्रं. अपंगत्वाचा दाखला जिल्ह्याच्या दवाखान्यात मिळतो, तोही आठवड्यातून एकाच वारी. पहिल्यांदा आम्ही चुकीच्या वारी गेलो. दुसऱ्यांदा हाडांचे डॉक्टर रजेवर. तिसऱ्यांदा सकाळी सात वाजता रांगेत उभे राहिलो आणि दुपारी तीनला नंबर लागला. तोवर पोरानं पाणीसुद्धा प्यायलं नाही, कारण तिथल्या संडासात त्याला बसता येत नव्हतं. चाळीस टक्क्यांच्या वर असेल तर सवलती. गुळाची प्रत ठरवावी तसे माणसाचे टक्के ठरवतात. सोन्याचे पुष्कळ भरले, म्हणून आमचं निभावलं. अडतीस भरले असते तर काय? पुढं 2021 साली सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार नावाच्या उमेदवाराच्या खटल्यात निकाल दिला, तो मी पेपरात वाचला आणि कात्रण काढून ठेवलं. लिहिताना त्याचा हात आखडायचा, पण चाळीस टक्क्यांत बसत नाही म्हणून लोकसेवा आयोगानं लेखनिक नाकारला होता. कोर्टानं सांगितलं की, लिहायला खरोखर अडचण आहे तर टक्क्यांवर अडवता येणार नाही. चांगला निकाल आहे. पण दवाखान्याच्या रांगेतल्या किती लोकांना तो ठाऊक असेल?

दाखला, मुख्याध्यापकांचं पत्र आणि अर्ज मिळून बोर्डाकडं प्रस्ताव जातो. आणि लेखनिक आपणच शोधायचा. तो खालच्या वर्गातला पाहिजे, म्हणजे नववीचा किंवा त्याखालचा. हे बरोबरच आहे, नाहीतर हुशार पोर बसवून कुणीही पास होईल. पण गावात लेखनिक मिळेना. मी पाच घरं फिरलो. एक जण म्हणाला, "आमच्या पोराचा अभ्यास बुडंल." दुसरा म्हणाला, "त्याचं बोलणं आम्हाला कळत न्हाई, पोराला काय कळणार?" एका बाईनं सरळ सांगितलं, "नापास झाला तर आमच्या पोरीवर नाव येईल." राग येऊन उपयोग नव्हता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही असंच काहीतरी बोललो असतो. बोललो होतोच की एकदा.

शेवटी मळ्यातल्या वस्तीवरची नववीतली एक पोरगी तयार झाली. तिचा बाप आमच्या शेजारच्या शेतात वाट्यानं करतो. तिनं काहीच मागितलं नाही. फक्त म्हणाली, "आजोबा, संध्याकाळी अंधार पडल्यावर मला वस्तीवर सोडायचं." ते काम बापूनं घेतलं. जानेवारीपासून रोज सहाला ती यायची. सोन्या सांगायचा, ती लिहायची. पहिले पंधरा दिवस तिला दहातले चार शब्द कळायचे. 'प' आणि 'ब' त्याच्या तोंडी एकच. मग दोघांनी खुणा ठरवल्या. मान डावीकडं म्हणजे स्वल्पविराम, उजवीकडं म्हणजे पूर्णविराम, डोळे मिटले म्हणजे नवा परिच्छेद. मराठीतल्या विरामचिन्हांवर माझा कधी एवढा जीव जडला नव्हता.

एकदा मोठं भांडण झालं. इतिहासाच्या उत्तरात सोन्यानं साल चुकीचं सांगितलं. पोरीला बरोबर साल ठाऊक होतं, तिनं तेच लिहिलं. वाचून दाखवताना त्याच्या लक्षात आलं आणि तो असा चिडला की वॉकर आडवा केला. ओरडत होता, पण काय ते आम्हाला समजेना. पोरगी मात्र समजली आणि खाली मान घालून बसली. मी विचारलं, "काय म्हणतोय गं?" ती म्हणाली, "माझं चुकलं तर चुकू दे म्हणतोय. तू माझा हात हायस म्हणतोय, डोकं न्हाईस." बापू उंबऱ्यावर तंबाखू मळत होता, मांडीवर पुडी आणि डाव्या हाताचा अंगठा. त्याचा अंगठा थांबला. त्या दिवसानंतर पोरीनं एक काना इकडचा तिकडं केला नाही.

मार्च 2019. पहिला पेपर मराठीचा, अकरा ते दोन. केंद्रावर तळमजल्यालाच वेगळी खोली दिली होती. आत दोघं आणि एक पर्यवेक्षक. मी आणि बापू फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली बसलो. बापू म्हणाला होता, मी येतो. मी म्हटलं, म्हशी कोण बघणार? तो म्हणाला, "एक दिस उपाशी ऱ्हात्यात."

दोन वाजता घंटा झाली आणि पोरांचा लोंढा बाहेर आला. कुणी हसत, कुणी पुस्तक उघडून बघत. गर्दी ओसरली, फाटक मोकळं झालं. आमचा सोन्या आला नाही. बापू उभा राहिला. "दादा, घंटा झाली की. आपलं पोर कुठाय? काय झालं काय आत?" तो फाटकाकडं निघाला तसा मी त्याचा सदरा धरला आणि खाली बसवला. आता सांगण्यावाचून इलाज नव्हता.

"त्याला तीनपर्यंत वेळ हाय," मी म्हणालो. "कायदाच हाय तसा. ज्याचा हात चालत न्हाई त्याला तासाला वीस मिनिटं जादा."

"तासाला वीस," तो म्हणाला. बराच वेळ गप्प बसला. मग झाडाखालच्या धुळीत डाव्या बोटानं काहीतरी लिहिलं, आकडेमोड असावी, आणि तळव्यानं पुसून टाकलं. "तीन तासाला एक तास."

"व्हय."

"इंग्रजीचं दोन प्रश्न अर्ध्या तासात झालं असतं माझं," तो म्हणाला. "गणिताला मात्र तासबी पुरला नसता. तिथं कागद लई सरकायचा."

मी म्हणालो, "बापू, त्या ऑक्टोबरला मी..."

"भुईमूग हुता," तो म्हणाला आणि फाटकाकडं बघत राहिला.

तीनला आतली घंटा झाली. आधी पोरगी आली, उजव्या हाताची बोटं चोळत. तिच्यामागून वॉकर ओढत सोन्या, घामानं भिजलेला. बापूनं पाण्याची बाटली दातांनी उघडून आधी पोरीला दिली. "हात भरून आला का गं?" तिनं मान हलवली आणि हसली.

सोन्या काहीतरी बोलला. मला कळलं नाही, तसं मी पोरीकडं बघितलं. पण तिच्याआधी बापूच बोलला, रोज संध्याकाळी ऐकून त्याचा कान तयार झाला होता.

"पेपर पुरा झाला म्हणतोय," तो म्हणाला. "वर दहा मिनिटं नुसता बसून हुतो म्हणतोय."

मग त्यानं सोन्याच्या काखेत आपला थोटा दंड घातला, वॉकर डाव्या हातात घेतला आणि एसटी स्टँडकडं चालू लागला. पुढचा पेपर इंग्रजीचा होता.