खेळण्यातला ट्रक आणि आमची रोजकीर्द

खेळणे म्हटले की आपल्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. मुलांनी पुस्तक हाती धरावे ही आपली धडपड रास्तच आहे. पण त्याच हाती पान्हाही यावा, याची काळजी बाबासाहेबांनी केली होती, हे आपण विसरतो. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाईसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना निवेदन दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, असेही मागितले. कारखान्याच्या दाराआतले काम शिकल्याशिवाय कारखान्यातली जागा मिळत नाही, हे त्यांनी ओळखले होते. हे सारे आठवण्याचे निमित्त मात्र अगदी लहान आहे. रिमोटवर पळणारा एक ट्रक.

आमचा पुतण्या चाकणला कारखान्यात आहे. त्याच्या सोबतच्या एकाने हौसेने घेतलेला ट्रक विकायला काढला, तो त्याने स्वस्तात घेऊन बीबीच्या मुलांसाठी पाठवला. खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाचा, दोन सेलच्या ७.४ व्होल्ट बॅटरीवर चालणारा, मागच्या चाकांना जोर असलेला. जत्रेत मिळतो तसला हा नव्हे. याचे शॉकप तेलाचे, स्प्रिंगा बदलता येतात, चाकांचा कोन नटाने कमी-जास्त होतो, गिअरचे दातेसुद्धा बदलता येतात. जपानच्या टामिया कंपनीने १९७९ साली माती-वाळूत पळणाऱ्या अशा गाड्या बाजारात आणल्या, १९८४ साली अमेरिकेतल्या असोसिएटेड कंपनीची आरसी-टेन आली आणि १९८५ साली कॅलिफोर्नियात त्यांची जागतिक स्पर्धाही झाली. मोठ्या माणसांचा खेळ आहे हा, आणि खर्चाचाही.

विहारासमोरच्या मुरमाच्या मैदानात ट्रक सोडला तर वळणावर त्याचे शेपूट फिरे आणि तो तोंड उलटीकडे करून उभा राही. वस्तीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर सोडला तर शेपूट फिरत नसे, सरळ पालथा होई. मुलांनी निकाल देऊन टाकला, गाडीच खराब आहे.

वस्तीतला एक मुलगा मात्र गप्प उभा होता. दहावीला गणितात राहिला, तेव्हापासून तो हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात जातो. दोन वर्षे झाली. डिझेलने सुटे भाग धुणे, चहा आणणे, टायर ढकलणे एवढेच त्याच्याकडे. त्याच्या मागून आलेल्या दुसऱ्या वस्तीच्या मुलाच्या हाती सहा महिन्यांत पान्हा आला. याला अजून ‘हात लावू नको’ हेच ऐकावे लागते. त्यामागचे कारण वाचकांना आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही. तो आम्हाला म्हणाला, “मामा, खोलून पायतो मी. देता काय?” आम्ही दिला.

खोलल्यावर पहिलीच गोष्ट निघाली ती अशी की पुढच्या डाव्या शॉकपमधले तेल अर्धे गळून गेले होते. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला हवा. मग खड्ड्यावरून जाताना गाडी एकीकडे ओढणार नाही तर काय!

पण त्यानंतर मुलांनी जो धडाका लावला तो आम्हाला थांबवावा लागला. एकाने स्प्रिंग बदलली, दुसऱ्याने चाके तिरकी केली, तिसऱ्याने बॅटरी सरकवली, सगळे एकाच दुपारी. गाडी थोडी सुधारली. कशाने सुधारली? कोणाला सांगता येईना. आम्ही पडलो कारकून, आयुष्य जमा-खर्चात गेलेले. दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या आणि वर लिहिले ‘रोजकीर्द’. तारीख, जमीन कोणती, काय बदलले, तीन फेऱ्यांचा वेळ, शेरा. नियम एकच केला: एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत चढल्याशिवाय दुसरा नाही. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना परंपरेने आले म्हणून वा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः जाणून घ्या, असे सांगितले होते. आमच्या विहारात कालाम सुत्तावर प्रवचने पुष्कळ झाली आहेत. ते मैदानात वापरून पाहण्याची पाळी पोरांवर पहिल्यांदाच आली.

निम्मा आजार टायरांचा निघाला. ट्रकला मोठ्या, विरळ दाण्यांचे टायर होते. असले टायर काळ्या भुसभुशीत मातीत रुततात आणि जोर धरतात. दाणे विरळ असले म्हणजे चिखलही अडकून बसत नाही. आमचा मुरूम कडक, वर धुळीचा पातळ थर. त्यावर मोठे दाणे नुसते वाकतात. बारीक, दाट दाण्यांचे टायर मागवून मागे लावले, त्या दिवशी तीन फेऱ्या एकोणसाठ सेकंदांवरून बावन्नवर आल्या.

पुढचा धडा बैलगाडीचा. जुन्या माणसांना ठाऊक आहे, ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलते. पुढे जास्त झाले की धुरजड होते, बैलाच्या मानेवर बसते. ट्रकचेही तेच. बॅटरी मागे सरकवली की मागची चाके जमिनीला चिकटतात, शेपूट फिरत नाही, पण पुढची हलकी होऊन गाडी वळायला कुरकुरते. पुढे सरकवली की पटकन वळते आणि शेपूट फेकते. किराणा दुकानातला काटा आणून प्रत्येक चाक त्यावर ठेवून पाहिले, बाकीच्या तिन्ही चाकांखाली काट्याच्याच उंचीच्या फळ्या. डावी बाजू साठ ग्रॅमने जड भरली. गॅरेजातून चाक-बॅलन्सिंगचे जुने शिसे आणून उजवीकडे चिकटवले. गॅरेजात ज्याला हात लावू देत नाहीत त्यानेच ते मागून आणले, हेही सांगायला हवे.

पालथे होण्याचे दुखणे वेगळेच. मुरमावर पकड कमी म्हणून गाडी घसरते. सिमेंटवर पकड इतकी जास्त की चाक घसरतच नाही, मग उंच गाडीचे अंग कलंडते. एकाचे औषध दुसऱ्याला विष. सिमेंटसाठी गाडी खाली बसवावी लागते, स्प्रिंगा कडक कराव्या लागतात. मुरमाच्या खाचखळग्यांत तीच गाडी चेंडूसारखी उडते. मुलांना दोन्हीकडे चालणारी गाडी हवी होती. आमचे मत, अशी गाडी दोन्हीकडे अर्धवट चालते. मैदान ठरवले, मुरूम. पोट आणि जमीन यांतले अंतर तीस मिलिमीटरवरून सव्वीसवर आणले. तेव्हा मागच्या चाकांना जोर देणारे दांडे जमिनीला समांतर आले. सुरुवात करायला ती जागा चांगली.

चाकांचा कोन आमच्या नववीतल्या भाचीने लावला. कंपासपेटीतला कोनमापक, एक पुठ्ठा आणि दोरा. चाकाचा वरचा भाग किंचित आत, दोन अंश, म्हणजे वळणावर गाडी झुकली तरी टायर पूर्ण टेकतो. मागची चाके समोरच्या बाजूने तीन अंश आत, म्हणजे वेग देताना शेपूट सरळ राहते. कोनमापक परीक्षेपलीकडेही कामाचा असतो, हे तिला कळले आणि गॅरेजवाल्याला गणित कळले. तो तिला आता “ताई, अर्धा अंश म्हंजे नटाचे किती आटे?” असे विचारतो. मोटर हात टेकवेना इतकी तापे, त्यावर पुढचे गिअर दोन दात्यांनी लहान केले. बॅटरीबद्दल मात्र पालकांनी ऐकावे: लिथियमची बॅटरी रात्री चार्जिंगला लावून झोपू नये, कपड्या-अंथरुणाजवळ ठेवू नये, फुगली तर वापरू नये.

खर्चावरून रविवारच्या वंदनेनंतर बैठक झाली. शॉकपचे तेल, टायर आणि स्प्रिंगा मिळून बाराशे रुपये, आणि आम्ही ते वाचनालयाच्या निधीतून मागितले. एक ज्येष्ठ समाजबांधव स्पष्ट बोलले, “भाऊ, तुम्ही बीकॉम झालेले मानसं, अन् पोट्ट्यायसंगं गाडी गाडी खेळता? त्या पैशात पोलीस भरतीचे पुस्तकं येतात.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पुस्तके कमीच आहेत. आम्ही वही पुढे ठेवली आणि एवढेच सांगितले की इंजिनिअरिंगची मुले २००७ पासून पिथमपूरच्या ‘बाहा’ स्पर्धेत स्वतः बांधलेली गाडी रानवाटेवर पळवू लागली, त्यांच्या वहीत हेच असते: टायर, शॉकप, वजन, कोन. तिथवर जाणारी मुले या गोष्टी कुठेतरी लहानपणी हाताळूनच जातात. निधीतून सहाशे मंजूर झाले, हिशोब विहाराच्या फळ्यावर लावायच्या अटीवर. उरलेले आम्ही चौघांनी घातले. त्या ज्येष्ठांचे मत बदललेले नाही. पण फळ्यावरचा हिशोब ते दर रविवारी चष्मा लावून वाचतात.

तेलाच्या बाटलीवर आकडा असतो. आकडा मोठा तितके तेल घट्ट. पातळ तेलाने चाक बारीक खाचांवर छान नाचते, पण उडीनंतर पोट जमिनीवर आपटते. घट्ट तेलाने आपटणे थांबते, पण खाचांवर चाक जमीन सोडते. शिवाय आपल्याकडच्या उन्हात तेल पातळ होते, म्हणजे पौषातला हिशोब वैशाखात चालत नाही. तेल भरताना दट्ट्या हळूहळू वर-खाली करून बुडबुडे वर येईस्तोवर थांबावे लागते. ही थांबण्याची कला त्या मुलाला आहे. दोन वर्षे भाग धुऊन आली असेल.

आता वही त्याच्याच ताब्यात असते. एकतिसाव्या पानावर त्याच्या अक्षरात आहे: ‘जमीन मुरूम, ऊन कडक. पुढचे तेल २५ काढून ३५ टाकले. उडीनंतर पोट घासत नाही. तीन फेऱ्या ४९ सेकंद. मागचे तेल अजून बदलले नाही. ताई म्हणते ३० टाका, मी म्हणतो ३५. रविवारी दोन्ही टाकून पाहू.’