पासष्टवर तह

ठाण्यात राहून सिगार सांभाळायचे म्हणजे सगळे सल्ले उलटे वाचायचे. ते लिहिलेले असतात हिवाळ्यात हीटर चालणाऱ्या घरांसाठी. तिथली हवा कोरडीठाक, त्यामुळे पेटीत ओल कशी टिकवायची ही एकच चिंता. आमच्याकडे जुलैत बाहेरची आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास घुटमळत असते, मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, कपाटातल्या चामडी पट्ट्यांवर बुरशी चढते. इथे पेटीला पाणी पाजायचं नसतं, बाहेरचं पाणी आत शिरू द्यायचं नसतं.

पेटी अप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. ते मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते, तेव्हापासूनचा हा शौक. पुढे मोतीबिंदूने डायलवरचे बारीक आकडे दिसेनासे झाले आणि पेटी माझ्याकडे आली. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि सिगारच्या धुराने मला ठसका लागतो. अप्पांच्या मते या कामाला दोन्ही गोष्टी सोयीच्या. त्यांनी ओढावं की नाही हा घरातला वेगळा वाद आहे. त्यात मी सासूबाईंच्या बाजूने.

पेटीला आतून स्पॅनिश सीडरचं अस्तर आहे. हे झाड उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतलं, कुळ मात्र आपल्या कडुलिंबाचं. त्याच्या वासाला किडे जरा बिचकतात. पण खरी कामाची गोष्ट म्हणजे हे लाकूड हवेतली ओल शोषतं आणि हवा कोरडी पडली की हळूहळू परत सोडतं. म्हणूनच नवी पेटी आधी काही दिवस ओल्या हवेवर मुरवावी लागते. तसं केलं नाही, तर कोरडं लाकूड सिगारमधलीच ओल ओढून घेतं आणि वरचं पान तडकतं.

पेटी हातात आल्यावर मी आधी झाकणातल्या हायग्रोमीटरची परीक्षा घेतली. बाटलीच्या बुचात चमचाभर मीठ घेतलं, त्यावर पाण्याचे थोडे थेंब टाकले. मीठ ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळता कामा नये. ते बूच आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत घालून रात्रभर बंद ठेवलं. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची कोंडलेली हवा 75 टक्क्यांवर येऊन थांबते; 20 अंश तापमान असो की 30, फरक नावापुरता. आमचा पितळी काटा सकाळी 68 दाखवत होता. म्हणजे अप्पा इतकी वर्षं ज्याला 70 समजत होते, ते प्रत्यक्षात 77 च्या घरात होतं. ‘हल्लीचे सिगार नीट ओढलेच जात नाहीत, मध्येच विझतात,’ या त्यांच्या तक्रारीचा तिथेच उलगडा झाला. सिगार ओलसर होते, बिचाऱ्या कारागिरांचा काही दोष नव्हता. पितळी डायल शोभेला राहू दिला आणि आत एक छोटा डिजिटल ठेवला.

ओल राखायला पूर्वी आत स्पंज असे. त्याला डिस्टिल्ड वॉटर लागतं, नळाच्या पाण्यातले क्षार त्यात साचतात. पण स्पंज नुसती ओल देतो, जास्तीची परत घेत नाही. पावसाळ्यात त्याचा काय उपयोग? आता मी मिठाच्या द्रावणाची पाकिटं ठेवते. त्यांच्या आवरणातून वाफ दोन्ही बाजूंनी जाते-येते, पाणी मात्र गळत नाही. पाकिटावर छापलेल्या आकड्याला हवा आणून ठेवायची, एवढंच त्यांचं काम. ती 62, 65, 69, 72 अशी मिळतात. उन्हाळ्यात ती वाळून कडक झाली की बदलायची.

अप्पांना 69 हवं होतं, मी 65 आणलं. कारण आमचं तापमान. ओल आणि उष्मा एकत्र आले की बुरशी धरते. आणि बुरशी निदान डोळ्यांना दिसते, तंबाखूचा भुंगा दिसत नाही. त्याची अंडी पानातच असू शकतात, उबेत ती फुटतात, आणि मग सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. हळकुंडं पोखरणारा किडाही हाच. म्हणून नवे सिगार आले की पिशवीत बंद करून एक दिवस फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, परत एक दिवस फ्रीजमध्ये. घाई केली तर पान चिरतं.

‘‘मटार आणि खवलेल्या नारळाशेजारी ही घाण ठेवू नकोस गं,’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘आई, तीन पिशव्यांत गुंडाळलंय.’’

‘‘चौथी घाल.’’

चौथी घातली.

पेटी आता आतल्या भिंतीकडच्या कपाटात खालच्या फळीवर असते, एसीच्या झोतापासून लांब. पावसाळ्यात ती उघडायची तर एसी चालू करून तासाभराने, कारण तेव्हा खोलीतली हवा बरीच सुकलेली असते. तरीही झाकण उघडलं की आकडा हलतोच. मी लगेच पाकिटं बदलायला धावत नाही. आकडा हवेचा असतो. सिगारच्या पोटातली ओल बदलायला दिवस लागतात. आकड्यावर अप्पांचा तसाही विश्वास नाही. ते सिगार अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबतात, कानाशी फिरवून बघतात. करकर ऐकू आली तर कोरडा, बोट रुतलं तर ओला. माझ्या डिजिटलशी त्यांचं बहुतेक वेळा जमतं.

69 चा हट्ट त्यांनी सोडलेला नाही. ऑक्टोबरचा उकाडा सरला की त्या आकड्याची पाकिटं लावून बघू, एवढ्यावर सध्या आमचा तह झालेला आहे.