सायकलवरून एकट्यानें कोंकणांत

१९२३ सालीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासास निघाले व त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा ह्या तिघांनीं १९२८ सालीं तो पुरा केला. सोबत असली म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. एकट्यानें निघणाऱ्यास ही सोय नाहीं. म्हणून पहिल्यानेंच असा लांबचा प्रवास करूं इच्छिणाऱ्या तरुणाची वा तरुणीची खरी परीक्षा निघण्यापूर्वींच्या दोन महिन्यांतच होते. घरच्या वडील मंडळींनीं संमति द्यावी कीं न द्यावी, हें त्या परीक्षेवरूनच ठरवावें, असें आम्हांस वाटतें.

उदाहरणादाखल पुण्याहून ताम्हिणी घाटानें माणगांवास उतरून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, केळशी, दाभोळ, गुहागर, गणपतीपुळें असा रत्नागिरीपर्यंतचा मार्ग घेऊं. अंतर सुमारें ३५० किलोमीटर. रोज ६०-७० किलोमीटर धरले तर पांच-सहा दिवसांचें काम. नकाशांत किनारा सपाट दिसतो; प्रत्यक्षांत मात्र खाडीपर्यंत उतरावें आणि पलीकडे पुनः चढावें, असा क्रम चालूच राहतो. बागमांडला, दाभोळ व तवसाळ येथें फेरीबोटीनें सायकलीसह खाडी ओलांडतां येते. त्यांच्या वेळा आधींच विचारून ठेवाव्या. शेवटची फेरी चुकली तर मोठा वळसा पडतो. ऋतु मार्गशीर्ष-पौषाचा बरा. पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वीं निम्मा पल्ला गांठावा.

शरीराची तयारी हळूहळू करावी. आरंभीं २० किलोमीटर, मग ४०, मग ६०. आणि शेवटीं लागोपाठ दोन दिवस, कारण पहिल्या दिवसाचा शीण दुसऱ्या दिवशींच कळतो. टांच पायट्यावर ठेवून तो अगदीं खालीं नेला असतां पाय सरळ व्हावा, इतकी बैठक उंच असावी. ‘व्हेलोसियो’ ह्या नांवानें लिहिणारा फ्रेंच सायकलपटू पॉल द व्हिवी (१८५३-१९३०) सांगत असे कीं, भूक लागण्यापूर्वीं खावें व तहान लागण्यापूर्वीं प्यावें. कोंकणच्या दमट हवेंत तर घाम फार जातो. एक लिटर पाण्यांत सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हें घरगुती पेय तेथें उपयोगी पडतें.

सामान दहा किलोच्या आंत ठेवावें आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस खालच्या अंगाला समतोल बांधावें. दोन ट्यूबा, पंक्चरचें साहित्य, पंप, पाने, ब्रेकचे रबर व साखळीचें तेल हवेंच. परंतु त्याहून आवश्यक म्हणजे तें वापरण्याची संवय. घरच्या अंगणांत मागचें चाक काढून, पंक्चर जोडून, तें पुनः बसविणें ज्याला साधत नाहीं, त्यानें निघण्याची घाई करूं नये. घाट उतरतांना ब्रेक सारखा दाबून न ठेवतां मधून मधून दाबावा. हें सारें सामान लादून एकदां भोरपर्यंत जावें, मुक्काम करावा व परत यावें. उगाच घेतलेलें ओझें तेव्हांच उमगतें.

आतां घरच्यांची तयारी. मुक्कामांची यादी भिंतीवर लावावी. घाटांत फोन लागेलच असें नाहीं, म्हणून सायंकाळीं सातची वेळ ठरवावी. नऊपर्यंत निरोप नसेल तर मुक्कामाच्या ठिकाणीं विचारावें आणि तेथेंही पत्ता न लागल्यास ११२ ह्या क्रमांकावर मदत मागावी. एरवीं तासातासाला चौकशी करूं नये. चालत्या सायकलीवर फोन घेणें हाच मोठा धोका आहे.

मुलानें किंवा मुलीनें एवढें सारें आपल्या हातानें केलें, कीं “एकट्यानें कसें जाशील?” ह्या प्रश्नाचें निम्मेंअधिक उत्तर मिळालेलें असतें. उरलेली काळजी माणसाला असावयाचीच. ती मनांत ठेवून आजीनें दशम्यांची शिदोरी बांधावी, वडिलांनीं चाकांतील हवा एकदां दाबून पाहावी आणि पहाटे दार उघडून द्यावें.